पेडलवरचा पाय

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. गुरुवार, २८ एप्रिल २०१६. लातूरच्या नांदेड रोडला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये करड्या रंगाची छोटी कार चार स्टँडवर उभी आहे. चारही चाकं काढलेली. पंचफुलाबाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आहेत. उजवा पाय अनवाणी, ब्रेकच्या पेडलवर. चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आहेत. मागच्या डाव्या चाकाच्या जागी त्यांचे पती साहेबराव उताणे पडले आहेत, कमरेपर्यंत गाडीखाली. दोघं एकमेकांना दिसत नाहीत.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

मग थोडा वेळ काहीच नाही. गाडीखाली पान्याचा बारीक आवाज होतो.

"सोड."

"सोडलं."

हे एका चाकाला पंधरा-वीस वेळा होतं. ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर पेडल दाबल्यावर आधी ती हवा दबते, चाक नंतर. म्हणून एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचं निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सैल करायचं. तेल आणि हवेचे बुडबुडे पारदर्शक नळीतून बाटलीत उतरतात. निपल आवळून झालं की मगच पाय सोडायचा. आधी सोडला तर नळी बाहेरची हवा आत ओढते आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी पंचफुलाबाई एकदा सावकाश पेडल दाबतात आणि सांगतात, "लागलं." त्यांनी 'लागलं' म्हटल्यावर साहेबराव गाडीखालून बाहेर येतात. परत तपासत नाहीत. बत्तीस वर्षांत तशी गरज पडलेली नाही.

पंचफुलाबाई बिलोली तालुक्यातल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या आठ वर्षांच्या होत्या आणि आईबरोबर खडीच्या कामावर जात. ब्याऐंशीत लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन नवा जिल्हा झालं, त्याच वर्षी साहेबराव एसटीत लागले आणि आगारात ब्रेकच्या कामावर गेले. चौऱ्याऐंशीत लग्न. नव्या जिल्ह्याबरोबर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर साहेब, आणि साहेबांसाठी भाड्याच्या जीप. साहेबराव सुट्टीच्या दिवशी घरासमोर त्या जीपचे ब्रेक करून द्यायला लागले. पेडल दाबायला माणूस लागायचा. घरात दुसरं माणूस एकच होतं.

पहिल्या दिवशीच त्यांनी चपला काढल्या. चप्पल घालून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पेडल कुठे सुटं आहे, कुठे जड होतं, धरताना थरथरतं का, हे तळव्याला कळतं. अंगठ्याखालच्या गादीला सगळ्यात जास्त. काही वर्षांत जीपवाल्यांना तेही माहीत झालं. गाडी न्यायला आले की विचारत, "बाईनं पाय ठेवला का?" जानेवारीत साहेबराव निवृत्त झाले आणि शेड दिवसभर उघडी राहू लागली. सध्या कामं मुख्यतः तेलाचे ब्रेक असलेल्या पाण्याच्या लहान टँकरची. पाण्याची रेल्वे येते, तिथून पुढे टँकर धावतात, भरून जातात आणि ब्रेक झिजवून परत येतात.

करडी कार मात्र वेगळ्या कामासाठी आली होती. ती वीरण्णा सरांची. वय एकोणचाळीस, मूळ निलंग्याचे, अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतात. आठवड्याचे तीन दिवस लातूर, तीन दिवस नांदेड. रोजची गाडी हीच. वर्षातून दोन-तीनदा मात्र ते हीच गाडी घेऊन हैदराबादच्या पलीकडे एका खासगी ट्रॅकवर जातात. तिथे नाव नोंदवलं की दिवसभर आपली गाडी हवी तेवढी पळवता येते. समोरून कुणी येत नाही. सरांच्या घरी या प्रकाराला 'फेऱ्या मारायला गेलेत' एवढंच म्हणतात.

फेब्रुवारीत पाचव्या फेरीला वळणाआधी त्यांनी ब्रेक मारला आणि पेडल तळाला गेलं. गाडी वळण सोडून बाजूच्या वाळूत जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. अर्ध्या तासानं ब्रेक निवले आणि सर त्याच गाडीनं लातूरला परत आले. मग त्यांनी मोठ्या डिस्क आणि त्यांना चिमटणाऱ्या चार पिस्टनच्या कॅलिपरची चित्रं फोनवर जमवली आणि साहेबरावांना दाखवली.

साहेबरावांनी ती चष्मा लावून बघितली. "डिस्क मोठी घातली तर चाक मोठं पाहिजे. चाक मोठं घातलं तर टायर पातळ. आन् नांदेडला जाताना खड्ड्यात पातळ टायर काय कामाचं?"

"मग पेडल तळाला का गेलं, मामा?"

"तेल उकळलं तुमचं. किती वर्षं बदललं न्हाई?"

सरांना आठवेना.

"ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं. पाणी झालं की लवकर उकळतं, उकळलं की वाफ." साहेबरावांनी जुन्या तेलाची बाटली उन्हात धरली. काळपट होतं. "सगळ्या लातूरला पाणी न्हाई, सर. तुमच्या ब्रेकला तेवढं मिळालंय."

सर म्हणाले, "हे मी मुलांना शिकवतो. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही."

"शिकवता, मग बदलत का न्हाई?"

ठरलं ते असं. उष्णता सहन करणारं चांगल्या दर्जाचं तेल. पुढच्या दोन चाकांना डिस्क धरणारे, जास्त तापमान सोसणारे पॅड. रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या नळ्या, म्हणजे तापल्यावर फुगणार नाहीत. डिस्क त्याच, फक्त लेथवर साफ केलेल्या. मागचे ड्रम तसेच. सरांना शर्यतीचे पॅड हवे होते. त्याला साहेबरावांनी नकार दिला.

"रेसचं पॅड तापल्याशिवाय धरत न्हाई. सकाळी क्लासला निघालाव आन् चौकात शाळेची पोरं आडवी आली, तर तवर ते तापणार हाय का?"

मधल्या प्रतीचे पॅड मागवले. रविवारी, एक मे रोजी, सरांचं ट्रॅकवर नाव होतं. म्हणून गुरुवारी काम पूर्ण करायचं, शुक्रवार-शनिवार पॅड चालवून बसवायचे, असा हिशोब.

गुरुवारी साडेआठला चौथं चाक झालं. पंचफुलाबाईंनी पेडल दाबलं आणि म्हणाल्या, "लागलं."

साहेबराव बाहेर आले, चाकं चढवली. सर गाडी घेऊन रिंग रोडला गेले. पंधरा मिनिटांत परत आले. गाडी बंद करून ते उतरले.

"मामा, पहिल्या दाबाला खोल जातंय. दुसऱ्यांदा मारलं की ठीक लागतं."

"कुठं मारला?"

"पुढे टँकर होता. अचानक थांबला." सरांनी दोन हातांत अंतर दाखवलं. साधारण वीतभर. "दुसऱ्यांदा मारायला वेळ मिळाला, म्हणून."

पहिल्या दाबाला खोल, दुसऱ्याला ठीक. याचा अर्थ नळीत हवा आहे. हे शेडमधल्या तिघांनाही माहीत होतं. साहेबरावांनी पंचफुलाबाईंकडे बघितलं नाही. नव्या नळ्यांचे वायसर बघतो, म्हणाले. वायसर ठीक होते. कुठेही ओल नव्हती.

पंचफुलाबाई शेडच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांना बाकी दोघांपेक्षा एक गोष्ट जास्त माहीत होती.

त्यांना साखरेचा आजार सात वर्षांपासून आहे. गेल्या दिवाळीपासून उजव्या तळव्याला आधी मुंग्या येत होत्या, मग त्या यायच्या बंद झाल्या. जानेवारीत सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला दहा ठिकाणी टेकवणार, कळलं की सांगा, म्हणाल्या. डॉक्टरबाई एका लयीत टेकवत होत्या. टेकवायचं, थोडं थांबायचं, टेकवायचं. पंचफुलाबाईंनी पहिल्या दोनदा कळल्यावर 'हाव' म्हटलं. नंतर काही कळलं नाही, पण मध्ये किती थांबायचं ते कळलं होतं. त्या वेळेवर 'हाव' म्हणत गेल्या. दहापैकी नऊ. केसपेपरवर 'संवेदना ठीक' असं लिहिलं गेलं.

फसवायचं होतं, असं नाही. कुणीतरी न दिसणारं काहीतरी करतं, थोडं थांबतं, आणि आपण उत्तर द्यायचं, हे त्या बत्तीस वर्षं करत होत्या. तोंड आपोआप चाललं.

मार्चमध्ये दुपारी टँकरच्या रांगेतून त्या दोन घागरी घेऊन घरी आल्या, तेव्हा उजव्या पायात चप्पल नव्हती. कुठे निसटली ते कळलं नव्हतं. डांबरावरून बरंच अंतर चालून आल्या होत्या. तळव्याला रुपयाएवढा फोड आला होता, तोही संध्याकाळी फरशीवर ओल दिसली तेव्हा लक्षात आला. साहेबरावांनी विचारलं. "गर्दीत गेली," त्या म्हणाल्या. फोड भरून यायला पाच आठवडे लागले.

पेडलचं काम त्यांनी गुडघ्यावर घेतलं होतं. तळवा सांगत नव्हता, पण गुडघा किती वाकला ते कळत होतं. टँकरची पेडलं जड, त्यामुळे भागलं. छोट्या कारचं पेडल हलकं. तिथे गुडघ्याला काही कळत नाही. गुरुवारी सकाळी त्यांनी 'लागलं' म्हटलं ते, नेहमी जेवढ्या वेळानं म्हणतात तेवढा वेळ झाला म्हणून.

साहेबरावांनी गाडी परत स्टँडवर घेतली. "बस," म्हणाले.

पंचफुलाबाईंनी चपला काढल्या आणि बसल्या. सर मागच्या चाकाजवळ उभे राहिले.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

साहेबरावांनी निपल सैल केलं. तेल बाटलीत उतरलं, आणि निपल अजून सैल असतानाच नळीतून उलटं वर गेलं. ते सरांनीही बघितलं.

"सोडलीस व्हय?" गाडीखालून आवाज आला.

"न्हाई."

"तेल माघारी गेलं."

"मी धरलंय."

साहेबराव गाडीखालून निघाले आणि ड्रायव्हरच्या दाराशी येऊन वाकले. पंचफुलाबाईंनीही खाली बघितलं. पाय पेडलवर नव्हता. पेडलच्या बाजूला, पायपुसण्यावर होता. बोटं ताणलेली, टाच वर. जणू दाबूनच धरलंय.

बाहेर एक टँकर गेला आणि पत्रा हलला.

"मला कळत न्हाई," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पायाला."

"कवापासून?"

"दिवाळीपासून कमी झालं. आता न्हाईच."

"दवाखान्यात तर ठीक म्हणून लिहिलंय."

"मी मनात मोजून हाव म्हणत गेले."

"का?"

"इचारल्यावर हाव म्हणायची सवय."

साहेबरावांनी हातातला पाना पुसला. तो पुसण्यासारखा मळलेला नव्हता. मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दिवाळीपासून पेडलवर तिचा पाय पडलेल्या गाड्या. तेवीस टँकर, चार जीप. दोन जीप हिमायतनगरकडे गेल्या होत्या. त्यांनी सगळ्यांची नावं घेतली. तक्रार घेऊन एकही परत आलेली नव्हती. तरी त्यांनी त्या सगळ्या परत बोलवायचं ठरवलं, आणि पुढच्या चार दिवसांत बोलवल्याही. सत्तावीसपैकी दोन टँकरमध्ये थोडी हवा निघाली.

सर म्हणाले, "मामा, याला मशीन मिळतं. वरून दाब देतं. पेडल दाबावंच लागत नाही, एकटा माणूस करू शकतो."

"मिळतं, ठाऊक हाय मला. हवा निघेल." साहेबराव म्हणाले. "पण पेडल कसं झालं ते मशीन सांगतं का?"

"ते शेवटी कुणीतरी दाबून बघायचं."

"त्येच म्हणतो मी. कुणी?"

पंचफुलाबाई सीटवरून उतरल्या. डावा पाय टेकवून बघितला, तोही फारसा बरा नव्हता. मग त्यांनी पोत्याची घडी जमिनीवर टाकली, उघड्या दारात गुडघे टेकले, अर्धं अंग आत घातलं आणि दोन्ही तळहात एकावर एक पेडलवर ठेवले. भाकरी थापणारे, पान्यांना हात लावणारे हात. त्यांना कळत होतं.

"दाब म्हणा," त्या म्हणाल्या.

दोन तास लागले. पायानं होतं ते हातानं करायला सगळं अंग पेडलवर टाकावं लागतं, आणि निपल उघडल्यावर खाली जाणाऱ्या पेडलबरोबर खांदेही खाली न्यावे लागतात. मध्ये दोनदा त्या थांबल्या. पाणी पुसण्याचा फडका कोरडाच होता, त्यानं घाम पुसला. मागच्या डाव्या चाकातून बराच वेळ बुडबुडे आले. बाकी तिन्हींतून थोडे. शेवटी त्यांनी पेडल सावकाश दाबलं, परत सोडलं, परत दाबलं. 'लागलं' म्हणाल्या नाहीत.

"सर, तुम्ही बसा."

"मी? मला काय कळणार, मावशी?"

"रविवारी पाय तुमचा असणार हाय. माझा न्हाई. बूट काढा."

सरांनी बूट-मोजे काढले आणि बसले.

"डोळे मिटा. दाबा. कुठं लागलं ते सांगा."

"लागलं."

"लगेच म्हणू नका. मीबी तसंच म्हणाले सकाळी. आधी मोकळं जातं ते किती?"

"दोन बोटं."

"मग?"

"मग जड. एकदम नाही. थोडं थोडं."

"धरून ठेवा. खाली सरकतंय का?"

सर बराच वेळ डोळे मिटून बसले. "नाही."

"अजून धरा."

"नाही सरकत."

"आता म्हणा."

"लागलं," सर म्हणाले. क्लासमध्ये दोनशे मुलांसमोर बोलणारा माणूस हे जरा दबूनच बोलला.

साहेबरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःही बसून पेडल दाबून बघितलं. मग चाकं चढवली. शुक्रवारी संध्याकाळी सर औसा रोडला गेले आणि पॅड बसवायला सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर ऐंशीवरून वीसवर, असं दहा वेळा केलं. नव्या पॅडचा वास आला, मग गेला.

रविवारी दुपारी दोन वाजता साहेबरावांच्या फोनवर संदेश आला. चौदा फेऱ्या. पेडल पहिल्या फेरीला होतं तिथेच. साहेबरावांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. पंचफुलाबाई तांदूळ निवडत होत्या. "दोन बोटं का?" त्यांनी विचारलं. साहेबरावांनी विचारून घेतलं. दोन बोटं.

सोमवारी सकाळी परत बोलावलेल्यांपैकी शेवटचा टँकर आला. चालक मलप्पा, निलंग्याच्या पलीकडचा, सीमेवरचा. त्यानं पंचफुलाबाईंना दारात गुडघे टेकलेलं बघितलं.

"मावशी, गाडीच्या पाया पडायलीस का?"

"तुझे ब्रेक बघून पाया पडायचीच पाळी हाय."

"पाय कुठं गेला तुझा?"

"हाय जागेवर. त्याला कळत न्हाई."

मलप्पा हसला, मग ती गंमत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "मग लागलं का न्हाई, ते कोण सांगणार?"

"तू. चप्पल काढ आन् बस."

मलप्पानं टँकरचं दार धरून थोडा विचार केला. बारा वर्षं तो टँकर चालवतोय आणि त्याला कुणी पेडलबद्दल विचारलेलं नव्हतं. त्यानं चप्पल काढली. दहा मिनिटांनी, हवा काढून झाल्यावर, तो म्हणाला की पेडल बरंय, पण परत येताना किंचित अडकतंय. साहेबरावांनी बघितलं. स्प्रिंग खरंच अर्धी तुटलेली होती. ती नवी आणावी लागणार.

दुपारी साहेबरावांनी पत्र्याच्या डब्यातून जानेवारीचा केसपेपर काढला. पंचफुलाबाईंनी तो पिशवीत घातला. नव्या चपला आणल्या होत्या, मागे पट्टा असलेल्या.

"आता डोळे मिटल्यावर मोजू नकोस," साहेबराव म्हणाले.

"न्हाई मोजत."

"डॉक्टरबाईला सांग, कधी लगेच, कधी उशिरा लावा म्हणून. एका लयीत नको."

"सांगते."

उद्या मंगळवार, तीन मे. सहा वाजून चाळीस मिनिटांनी मलप्पाच्या टँकरची स्प्रिंग बसवायची आहे, कारण आठला त्याला पाणी भरायला रांगेत लागायचं आहे. सरकारी दवाखान्यात मधुमेहाच्या तपासणीची खिडकी साडेआठला उघडते.